काचेपलीकडच्या ताई

सन्माननीय अध्यक्ष डॉक्टरसाहेब, व्यासपीठावरील मान्यवर, आज निवृत्त होत असलेल्या स्कॅन विभागाच्या ताई आणि जमलेल्या बंधुभगिनींनो,

रुग्णांच्या वतीने मी बोलावं असं ठरलं. मी न्यायालयातला लघुलेखक. इतरांनी बोलायचं, मी मान खाली घालून लिहायचं, यातच आयुष्य गेलं. त्यामुळे माझ्या स्कॅनआधी ताई म्हणाल्या, "आता अजिबात हलायचं नाही. काही वाटलं तर हातातला फुगा दाबा," तेव्हा मी पहिलं वाक्य तेवढं पाळलं.

यंत्राच्या कड्यात मी आडवा. छातीवर पट्टा, हात डोक्यामागे. स्कॅनमध्ये नीट दिसावं म्हणून शिरेतून औषध सोडलं. अंगभर ऊब पसरली. ती पसरणार, हे त्यांनी आधीच सांगितलं होतं. मग तळहात खाजू लागले. ओठ जड झाले. श्वास आवळत गेला. फुगा मुठीतच होता. पण हलायचं नव्हतं ना! स्कॅन बिघडला तर? बाहेरच्यांचा खोळंबा झाला तर? गुदमरताना माणूस असा विचार करतो का? करतो, मंडळी.

काचेपलीकडून ताईंना माझी पावलं दिसत होती. नकळत एक दुसऱ्यावर घासत होतं. त्यांनी औषध बंद केलं, यंत्र थांबवलं, आत आल्या. "काका, काहीतरी बोला." आवाज फुटेना. अध्यक्षमहाराज, त्यांच्या हाकेसरशी आपण धावत आलात आणि खाजेच्या औषधात वेळ न दवडता अॅड्रेनालिन थेट मांडीत टोचलंत. श्वास परतला. मला वाटलं, सुटलो.

"इतक्यात नाही," ताई म्हणाल्या. "हे पुन्हा उलटू शकतं." दुसऱ्या दिवसापर्यंत सोडलं नाही.

घरी बायको म्हणाली, "माझं कधी ऐकलं नाहीत. तिथे बरे आज्ञाधारक झालात!"

आता त्या औषधाचं नाव लिहिलेलं कार्ड खिशात असतं. पण आजार आहेच, स्कॅन टळत नाही. सोमवारी पुन्हा तेच कडं. औषध दुसरं, आधी गोळ्या, शेजारी डॉक्टर. तरी पुरती हमी कुणी देत नाही. आणि काचेपलीकडे ताई नाहीत. मघाशी हार घालून मी ताईंसमोरून हललो नाही, ते नुसत्या कौतुकाने नव्हे.

ताईंनी मघाशीच नव्या तंत्रज्ञ बाईंशी माझी ओळख करून दिली: "हे काका जीव जाईल, पण तसदी देणार नाहीत. सारखं बोलतं ठेव."

ताई, आपले आभार मानायला माझे शब्द अपुरे आहेत. सभेने शांतपणे ऐकलं, बोलण्यात काही कमी-अधिक झालं असेल तर सांभाळून घ्यावं. आणि बाई, सोमवारी मी ओरडेन. उगाच ओरडलो, तरी आत या.