पिठोरीचं लुगडं

आता आईच्या दिवसाचं नाव काढलंत म्हणून सांगतो, साताऱ्यात हे खूळ मीच आणलं. लढाईवरनं परतलो, तवा आमच्या कापडवाल्या अण्णाला सहज म्हटलं, "अमेरिकन सोल्जर वर्षातनं एकदा आईला भेट धाडत्यात." झालं. पिठोरी अवसेला अण्णाच्या दुकानावर पाटी लागली, ‘आज मातृदिन. आईला लुगडं न्या.’

आमी पाच दोस्त गेलो, पन पयलं कोन घेनार? मी इचारलं, "अण्णा, तुमी आईला काय दिलं?"

"भारीतलं इरकली दिलं की."

मागंच त्याचं घर. आतनं त्याची आई म्हनाली, "कवा रं दिलंस?"

अण्णा इरकली काढायला फळीवर चढला. म्हातारी बाहेर आली, रीतीपरमानं पाठ फिरवून खीर-पुरीचं ताट खांद्यावरनं मागं धरलं आन इचारलं, "अतीत कोन?"

अतीत म्हंजे पावना; ‘मी’ म्हनून ताट घ्यायचं लेकानं. पन लेक फळीवर. मीच म्हटलं, "मी," आन ताट घेतलं.

म्हातारी वळली, हसली. "अण्णा, ह्योबी आता तुझा भाऊ. ह्याच्या आईचंबी लुगडं काढ. भावाकडनं पैसं घेऊ नगंस."

मागनं चौघं एकदम म्हनाले, "आजी, खीर आजून हाय का?"