कुंपणाआडची राजकन्या

—नाही नाही, बसा ना साहेब, खुर्ची जरा डुगडुगते तेवढंच. कॉफी नको म्हणता, बरं, राहू दे. तुमच्या हातातल्या कागदावर आहे ती कविताच, दुसरं काय — आणि कविता तरी कसली, झोपलेल्या राजकन्येची गोष्ट. तीस वर्षं इथे एअरफुर्टच्या बालवाचनालयात हीच गोष्ट सांगतेय मी, शंभर वर्षांची झोप, राजवाड्याभोवती काट्यांचं कुंपण — आता त्यात कुणाला पश्चिम जर्मनीकडच्या सरहद्दीची तार दिसली तर तो दोष गोष्टीचा का? तार मी नाही म्हटलं हो, लोक म्हणतात. म्हणजे लोकही नाही. कुणीच नाही म्हणत. आणि डॉर्लिसला यातलं काय कळतंय — भाची माझी, एकोणीस वर्षांची, धड अंडं उकडता येत नाही तिला. सकाळी तुमच्या राज्य-सुरक्षा खात्याची माणसं तिला वसतिगृहातून घेऊन गेली, तिची मैत्रीण धावत आली सांगायला — नाव? नाव नाही आठवत. कागद तिच्या वहीत सापडला, कबूल, पण अक्षर तिचं म्हणून कविता तिची होते का? राजा म्हणजे पक्षाचा चिटणीस, असं तुम्ही म्हणता. छे. राजा झोपलाय, दरबारी झोपलेत, माश्या भिंतीवर झोपल्यात — हे सगळं जुन्या गोष्टीत आहेच की. ती स्वयंपाकीणसुद्धा आहे. इथे एवढंच, की ती डोळे मिटूनच कुजबुजते, 'झोपलंय कोण इथं, आम्ही तर नुसते भितोय' —

असं काय बघताय?

नाहीये? मागच्या बाजूला बघा ना. — तिथेही नाही. स्वयंपाकीण नाहीच तुमच्या कागदावर. शेवटचं कडवं तिनं उतरवलंच नाही... मीच म्हटलं होतं, पोरी, तेवढं नको लिहूस.

थांबा. पाणी पिते जरा. सहा वर्षं शिवणाच्या डब्यात, चिंध्यांखाली ठेवली होती हो, कुणाला दाखवली नाही. परवा रविवारी तिला वाचून दाखवली, तर म्हणते कशी, 'मावशी, तू लिहिलंस हे?' — इतकं बरं वाटलं, काय सांगू, आणि तिथेच घात झाला. लिहून घ्या. रोझविथा केगल, वय अठ्ठावन्न. तिला सोडाल ना आता? सोडाल ना? नुसतं लिहिताय, बोला तरी काही —

काय? सकाळपासून एकदाही नाही? इतकं विचारूनही तिनं माझं नाव घेतलं नाही?

...कोट घेते. नका, दंड धरू नका. येतेय ना मी.