भिंतीला खिळा नाही

...आणि वर म्हणतात, भाड्याच्या घरात काय त्रास, बिघडलं तर मालक बघतो! कोण बघतो? तुम्हाला सांगतो, देवपुरात माझ्या भिंतीला भिंत लागून जीवराम अकरा वर्षं राहतोय, रावेरकडचा, केळीवाल्या घरातला, कचेरीत कारकून, आणि त्या अकरा वर्षांत मालकानं काय बघितलं ते मला विचारा.

मालक म्हणजे रुपचंदनाना, खालच्या मजल्यावर. माणूस वाईट नाही, पण एकोणऐंशी साली किल्ली हातात देताना बोट वर करून म्हणाले, "बठ्ठं करा भाऊ, पन भितले खिळा ठोकाना नही." गिलावा नवा होता ना... झालं, जीवरामनं ते देवाचं बोलणं असल्यासारखं डोक्यात धरलं. नळ गळतोय म्हणून सांगायला गेला तर नाना म्हणाले, "देखसू, देखसू." बघण्यात उन्हाळा गेला. शेवटी ह्यानं पाना आणून स्वतःच वायसर बदललं, आणि मग सुटलाच की हो! फ्यूज उडाला, आधी मेन स्विच बंद, मग तार, आणि तीही जाड नाही घालायची, वायरिंग जळतं, हे मला त्यानंच शिकवलं. गच्चीच्या भेगेत डांबर, तुंबलेल्या मोरीत तार, पावसाळ्यात फुगलेल्या दाराला रंधा, सगळं तोच. माझ्या मोरीतही तोच हात घालायचा. बठ्ठं केलं. पण भिंतीला खिळा नाही.

आता ह्यात त्याच्या बायकोचं काय झालं ते ऐका. धुरपदाबाई, बुटकी, जीवरामच्या खांद्यालाही लागत नव्हती. माहेरून आणलेला आरसा टांगायला खिळा नाही, म्हणून तो ठेवलेला खिडकीच्या कठड्यावर, आणि कठडा केवढा उंच, तर मांडीएवढा. रोज सकाळी बाई कंबरेत वाकून भांग पाडायची, वाकूनच कुंकू लावायची. पहिल्याच आठवड्यात तिनं भिंतीवर आपल्या तोंडासमोर एक टिकली चिकटवली आणि म्हणाली, "मले दुसरं काही नको. ह्या टिकलीवर एक खिळा ठोकून द्या."

हा म्हणाला, "अगं, नाना काय म्हणाले होते?"

टिकली पडायची, ती त्याच जागी दुसरी लावायची. किती टिकल्या झाल्या असतील, करा हिशेब... नको, नका करू. कॅलेंडर गजाला, पिशव्या कडीला, सदरा खुर्चीला आणि बाई वाकलेली. भिंतीला खिळा नाही.

एकदा मात्र वेळ आली होती. नाना दोंडाईचाला लेकीकडे गेलेले, घर मोकळं. जीवरामनं हातोडी घेतली, टिकलीवर खिळा धरला, एक टक केलं... आणि हातोडी खाली ठेवली. "विश्वासानं किल्ली दिलीय गं त्यांनी," म्हणाला. धुरपदाबाईनं हातोडी उचलून जागेवर ठेवली आणि म्हणाली, "नाना दोंडाईचाला गेले. तुमच्या डोक्यातले नाना कुठे जातात का कधी?" भांडली नाही हो. भांडली असती तर बरं झालं असतं, असं तो नंतर मला म्हणायचा.

नंतर म्हणजे कधी, तर ती गेल्यावर. कावीळ झाली. आठ दिवस दवाखान्यात, नवव्या दिवशी घरी आणली ती तशी. ज्याला अख्खं घर दुरुस्त करता येत होतं त्याला तिथं नुसतं बाकावर बसून राहावं लागलं, ते त्याच्या मनातून अजून जात नाही.

तेराव्याला तिचा भाऊ तोताराम जळगावहून मोठा फोटो मढवून घेऊन आला. लावायचा कुठे? तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली आणि नाना आले, स्वतः, एका हातात हातोडी, दुसऱ्या हातात खिळा. डोळे भरलेले. म्हणाले, "ठोका भाऊ. आते काय..."

जीवराम उठला. तोताराम दारावरची जागा दाखवत होता, तिकडे ह्यानं बघितलंही नाही. सरळ त्या टिकलीपाशी गेला, वाकला, नेमका तिच्यावर खिळा धरला.

"इतलं खाले?" नाना म्हणाले.

तीन ठोके. गिलाव्याचा कपचाही निघाला नाही. अकरा वर्षं जपलेली भिंत, तिनं मुकाट्यानं खिळा घेतला. मग जीवरामनं कठड्यावरचा आरसा उचलला, धोतराच्या सोग्यानं पुसला आणि खिळ्याला अडकवला. फोटो आरशाच्या जागी, कठड्यावर.

"अहो दाजी, खिळा फोटोसाठी होता," तोताराम म्हणाला.

"तिनं फोटोसाठी नव्हता मागितला," जीवराम म्हणाला, आणि तिथंच भिंतीला कपाळ टेकून रडला. आम्हीही रडलो. नाना सगळ्यात जास्त.

आता तुम्हाला सांगतो, हा एवढा उंच माणूस, आरसा त्याच्या छातीशी. रोज सकाळी गुडघ्यात वाकून दाढी करतो, कंबर धरून उठतो. परवा मला राहवलं नाही. म्हटलं, "जीवराम, आता बघणारा तू एकटाच ना? वीतभर वर घे की तो आरसा."

गालाला साबण तसाच, माझ्याकडे बघून म्हणाला, "वर घ्यायचा तर दुसरा खिळा लागेल. नानांनी एकाचीच परवानगी दिलीय."