गळ्यातलं कार्ड

मी कुणाशी भांडत नाही असं वाटतं ना तुम्हाला? मग ऐका. आमच्या एयरोसिटीच्या सोसायटीत मॅनेजमेंटचा नियम आहे, कामवालीचं कार्ड गळ्यात असेल तर फक्त सर्व्हिस लिफ्ट. परवा नेमकी तीच बिघडली. आमच्याकडे काम करणाऱ्या कमलाआंटींचे गुडघे सुजलेले आणि आमचं घर आठव्या मजल्यावर.

"सीढ़ी से जाओ जी," गार्ड म्हणाला.

"भैया, इनके घुटने..." मी आंटींच्या सुजलेल्या गुडघ्यांकडे बोट दाखवलं.

"बेटा, मेरी नौकरी जाएगी. रूल कार्ड का है."

मी आंटींचं कार्ड काढून माझ्या गळ्यात घातलं. "अब?"

त्याने आंटींना रहिवाशांच्या लिफ्टमध्ये सोडलं आणि मला म्हणाला, "फिर आप सीढ़ी से."

धापा टाकत वर पोचले, तर आंटी दारात पाणी घेऊन उभ्या. मी कार्ड काढायला लागले.

"रहने दे बेटा," त्या म्हणाल्या, "मुझे उतरना भी है."