तीन वाजताचा वाचक

(लालबागच्या चाळीतली खोली. रविवार, दुपारचे पावणेतीन.)

निलेश : आई, तुझा रेसिपींचा ब्लॉग वाचणारी अमेरिकेतली ती तीनशे माणसं माणसं नाहीत गं. यंत्रं आहेत. जगभरच्या साइट चाळत बसतात.

लक्ष्मी : मेल्या, हे आधी सांगायचंस! मी अख्ख्या मजल्याला सांगून बसले, माझं बांगड्याचं तिखलं अमेरिकेत वाचतात म्हणून.

निलेश : एक वाचक खरा आहे पण. मुंबईचा. बावीस दिवस, रोज दुपारी तीनला, तेच तिखल्याचं पान.

लक्ष्मी : कोण तो? नाव बघ.

निलेश : नाव नाही दिसत. नेटचा पत्ता दिसतो, आकड्यांचा. त्यावरून शहर कळतं, बास. थांब हं... हा पत्ता तर आपलाच! आपल्या वायफायचा.

लक्ष्मी : म्हणजे तूच की.

निलेश : तीनला मी लोअर परळला ऑफिसात. तू इथे घोरत. पासवर्ड आणखी कोणाला दिलेलास?

लक्ष्मी : कोणाला नाही.

निलेश : आई.

लक्ष्मी : मायाला. पण ते भांडणाच्या आधी.

निलेश : मायाकाकी! भिंतीपलीकडून! ती तर म्हणालेली, जावेचं तोंड बघणार नाही.

लक्ष्मी : तोंड कुठे बघते? तिखलं बघते.

निलेश : पासवर्ड बदलू?

लक्ष्मी : हात तोडीन! रोज काय शोधते, ठाऊक आहे? सासूबाईंचं नाव. 'त्यांचं तिखलं स्वतःच्या नावावर खपवलंस', यावरूनच आठ महिने अबोला.

निलेश : खपवलंसच ना.

लक्ष्मी : तू मुलगा कोणाचा रे? ...घाल त्यांचं नाव. अगदी वर लिही, 'हे तिखलं आमच्या सासूबाईंचं. तिरफळं ठेचायची नाहीत, हे मला धाकट्या जावेने शिकवलं.'

निलेश : शिकवलं?

लक्ष्मी : चारचौघांत टोकलं. तू शिकवलं लिही.

निलेश : टाकलं. तीनला दोन मिनिटं कमी.

लक्ष्मी : उघडलं?

निलेश : अजून नाही.

लक्ष्मी : आता?

निलेश : तीन वाजून पाच. नाही.

लक्ष्मी : रविवार आहे, जेवून आडवी झाली असेल. मला काय त्याचं?

निलेश : आली!

लक्ष्मी : काय म्हणते?

निलेश : म्हणणार काय? वाचतेय. चार मिनिटं झाली.

लक्ष्मी : दोन ओळींना चार मिनिटं?

निलेश : आता बंद केलं... नाही, परत उघडलं.

लक्ष्मी : तो राऊटर जरा भिंतीकडे सरकव रे. तिच्या बाजूला रेंज कमी पडत असेल.