हात रिकामे

हिरुत लास वेगासच्या एका कॅसिनोत साहेबांच्या मजल्यावर साफसफाई करायची. बसथांब्यावर तिच्या शेजारी त्याच कॅसिनोत पत्ते वाटणाऱ्या दोघी बोलत होत्या. त्या तिला ओळखत नव्हत्या.

"नोर्लिताताई, आजची सभा चुकली बघ तुझी."

"सुट्टी होती गं. काय झालं?"

"हजेरी घेऊन बसवलं सगळ्यांना. युनियन होऊ नये म्हणून साहेबांनी बाहेरून माणूस आणलाय. गोड बोलतो. म्हणे, आपण एक कुटुंब."

"कुटुंबाने माझी रविवारची सुट्टी काढून घेतली. युनियनचे फॉर्म वाटले म्हणून."

"तेही सांगितलं त्याने. म्हणे, नोर्लिताचं काय झालं ते बघताय ना."

"मग? लोकांनी काय केलं?"

"आपला म्हातारा डॅनिलो उठला. एक टाळी वाजवली आणि तळवे उलटसुलट करून दाखवले."

"टेबल सोडताना कॅमेऱ्याला दाखवतो तसे?"

"तस्सेच. हातात काही नाही, निघालो. मग एकेक करत चाळीसच्या चाळीस जण."

"आणि तो?"

"त्याला वाटलं, भाषण आवडलं. वाकून आभार मानत होता. वर साहेबांना कळवलंयही, माणसं आपलीच आहेत म्हणून."

"असू दे. गुरुवारी युनियनचं मतदान होईपर्यंत त्याला कुणी काही समजावू नका."

बोलता बोलता नोर्लिताची नजर हिरुतच्या गळ्यातल्या बिल्ल्यावर गेली. साहेबांच्या मजल्याचा निळा बिल्ला. तिने दुसरीला कोपराने ढोसलं.

बस आली. हिरुत उठली, एक टाळी वाजवली, दोन्ही तळवे त्यांच्यासमोर उलटसुलट केले आणि बसमध्ये चढली.