डोळा मिटायचा कॅमेरा

पोरींनो, भरे गावात म्हादू नावाचा माझा थोरला भाऊ राहत व्हता, आन त्याला फोटो काढायचं याड व्हतं. पुण्यातनं लहानसा कॅमेरा शिकायला आणला, तो घेऊनच कोळवणला मुलगी बघायला गेला. अंगणातल्या बायांचा फोटो घ्यायला त्यानं एक डोळा मिटला, तशी मुलीचा बाप ओरडला, "आमच्या बायांना डोळा मारतोस व्हय रं?"

संगं आमचे वडील, आबा, व्हते; त्यांना तोंड कुटं लपवावं कळंना.

म्हादूनं कॅमेरा बदलला. हा नवा कॅमेरा पोटाशी धरून, मान खाली घालून, वरनं काचेत बघायचा. आबा त्याला माफी मागायला घेऊन गेले, तर म्हादू तितंबी फोटो घ्यायला उभा!

मुलीचा बाप म्हणाला, "लई वरमलाय बिचारा, मान वर करत न्हाई. दिली पोरगी."

आबांना लाजंनं खरं सांगवंना. पर वैनी आली, आन घराचं सोनं झालं.